त्या मॅडमले सांगा

पहिला अख्खा उन्हाळा ते माझ्याशी बोलले नाहीत. भांडण नव्हतं. ओळख नव्हती, एवढंच. आमची टेबलं एकाच खोलीत होती, मध्ये एक कूलर आणि एक लोखंडी कपाट. हात लांब केला असता तर तो माझ्या पाण्याच्या बाटलीपर्यंत पोचला असता. पण मला काही सांगायचं झालं की ते दाराकडे बघून म्हणायचे, "दीदी, त्या मॅडमले सांगा, खिडकी लावून घ्या म्हणा. गरम हवा येऊन राहिली."

दीदी म्हणजे आमच्या विभागाची शिपाई. दाराशी स्टुलावर बसलेली असायची. ती उठायची, कूलरला वळसा घालून माझ्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "मैडम, सर कहत हे, खिड़की ला बंद कर देव."

ते मराठी, मीही मराठी. त्यांचं मूळ अमरावतीकडचं, माझे वडील वर्ध्याहून रेल्वेत लागून रायपूरला आलेले. निरोप मला आधीच ऐकू आलेला असायचा. तरी तो छत्तीसगढी होऊन माझ्यापर्यंत येईस्तोवर मी थांबायची, कारण पहिल्या दिवशी मी परस्पर उठून खिडकी लावली, तेव्हा ते दुखावल्यासारखे दीदीकडे बघत राहिले होते. उत्तरही त्याच वाटेनं जायचं.

"दीदी, सांगा त्यांना, लावली."

"सर, मैडम कहत हे, बंद कर दे हे."

"हव," ते म्हणायचे आणि पुन्हा मान खाली घालायचे.

राज्य नवीन झालं होतं, आमच्या सरकारी संस्थेत पैसा आला होता आणि त्या पैशाचं आवारभर एक नवं जाळं टाकलं होतं. ते ह्या सरांच्या ताब्यात होतं. मी कंत्राटी इंजिनियर. वर्षाचं कंत्राट, काम पसंत पडलं तर पुढचं वर्ष. जाळं एटीएमचं होतं. आता हे नाव घेतलं की लोकांना पैसे काढायचं यंत्र आठवतं. ते हे नव्हे. हा फायबरवरून माहिती नेण्याचा एक प्रकार होता, त्या काळी फार महाग आणि फार मानाचा.

आमच्या इमारती वेगवेगळ्या काळात बांधलेल्या आणि प्रत्येकीतले संगणक आपापल्या बोलीत बोलणारे. लेखा विभागाचा जुना सर्व्हर एक बोली बोलायचा, प्रयोगशाळा दुसरी. ह्या सगळ्या बोली एकाच फायबरवरून न्यायच्या म्हणून प्रत्येक इमारतीत एक डबा बसवला होता आणि त्यात क्लायंट नावाचं सॉफ्टवेअर चालायचं. त्याला नाव देणं, त्या इमारतीच्या जाळ्याशी बांधणं आणि दोन-तीन आकडे भरणं हे माझं काम.

हा क्लायंट काय करतो ते सांगायलाच हवं, त्याशिवाय सर कळायचे नाहीत. एका इमारतीतून दुसरीकडे काही पाठवलं की ते आधी मुख्य इमारतीतल्या राउटरकडे जातं आणि राउटर ते पुढे पोचवतो. क्लायंट हे बघत असतो. एकाच पत्त्यावर माहितीची पाकिटं एकामागून एक जाताहेत असं दिसलं, की तो मुख्य सर्व्हरला विचारतो, ह्यांचा थेट पत्ता काय? तो मिळाला की मधल्या राउटरला वगळून सरळ वाट जोडतो. जाणं-येणं थांबलं की काही वेळानं ती वाट आपोआप मोडते. पुन्हा काही पाठवायचं झालं तर पुन्हा राउटरपासून सुरुवात.

किती पाकिटं गेल्यावर थेट वाट मागायची, तो आकडा आपण भरायचा. कंपनीनं तो दहा ठेवून दिला होता. सेकंदाला दहा.

सरांना हे सॉफ्टवेअर मनापासून आवडायचं. "हे कोन्या समजदार मानसानं लिहिलं हाय," असं ते कूलरकडे बघून म्हणायचे. फक्त तो दहाचा आकडा त्यांना पटला नाही.

"दहा? दहा पाकिटात काय ओळख होते, बाप्पा? दीदी, त्या मॅडमले सांगा, मोठा आकडा टाका म्हणा. मशीन घेते तो मोठ्यात मोठा."

दीदी आली. "मैडम, सर कहत हे, सबले बड़े नंबर डाल देव."

"काहून, विचारा."

दीदीनं विचारलं. उत्तर आलं की वाटा फार झाल्या की डबा थकतो. हे अगदीच खोटं नव्हतं, त्या डब्यांना एका वेळी ठरावीकच वाटा पेलायच्या. मी आकडा टाकला. जाळं चालत होतं, कोणाची तक्रार नव्हती, आणि मला एका स्टुलावरच्या बाईमार्फत वाद घालायची हौस नव्हती.

त्यांचा दुसरा नियम पायांचा होता. "पहिले पाय, मग बोट." ज्या इमारतीत आपण चालत गेलो नाही, तिथलं पाणी प्यालो नाही, तिथल्या डब्याला हात लावायचा नाही. खोलीत बसून दहा मिनिटांत सगळे क्लायंट भरून झाले असते. त्याऐवजी भर मे महिन्यात आमची वरात निघायची. पुढे सर डोक्याला गमछा बांधून, मध्ये दीदी, मागे मी लॅपटॉपची बॅग घेऊन. इमारतीत गेल्यावर माठातलं पाणी तिघांनी प्यायचं, मग डब्यासमोर बसायचं. प्रत्येक डब्याचा पत्ता अक्षर-आकड्यांच्या वीस जोड्यांचा. सर तो मोठ्यानं वाचायचे, किंचित डुलत, देवाजवळ म्हणायचं काही म्हणावं तसे, आणि मी टाइप करायची. तेवढ्यापुरती दीदी मध्ये नसायची. पत्ता वाचणं हे त्यांच्या हिशेबी बोलणं नव्हतं.

क्लायंटला नाव द्यावं लागतं. इतर ठिकाणी लोक क्रमांक देतात. सरांनी त्या-त्या इमारतीसमोरच्या झाडांची नावं दिली. प्रयोगशाळा महुआ, ग्रंथालय इमली, लेखा विभाग करंज. पडद्यावर 'महुआ चालू, इमली चालू' असं दिसायचं. एकदा इमली बंद पडली आणि सरांनी दीदीला तसं सांगितलं, तर ती आधी बाहेर जाऊन झाड बघून आली.

"ठीक हे सर, खड़े हे," तिनं सांगितलं.

सर हसले नाहीत. "बरं झालं पाहून आली. आता त्या मॅडमले सांगा, आतली पाहा म्हणा."

लोक त्यांना अर्धवट म्हणायचे. मी म्हणायची नाही, पण मनात आलं नाही असंही नाही.

मग हरेली आली. श्रावणाआधीची अमावास्या, शेतीच्या अवजारांची पूजा असते इकडे. दीदी अभनपुरकडच्या आपल्या गावी गेली. स्टूल रिकामं. सर दहा वाजता आले, स्टुलाकडे बघितलं, बसले. अकरापर्यंत खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मग ते कूलरला म्हणाले, "आता कोनं सांगावं, की करंजचा क्लायंट महुआच्या जाळ्याले बांधला गेला म्हून."

मी तपासलं. खरंच बांधला गेला होता. मी दुरुस्त केलं आणि कूलरला म्हणाले, "सुधारलं."

कूलर पावसाळ्यामुळे बंद होता, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. थोड्या वेळानं ते त्याला म्हणाले, "मंग डबा पुन्हा चालू करा लागते."

"केला," मी कूलरला सांगितलं.

असं दुपारपर्यंत चाललं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला, आईनं दिलेली भाकरी आणि झुणका काढला आणि कूलरला म्हणाले, "झुणका आहे, कोणाला पायजे असेल तर."

सरांनी आधी झुणक्याकडे बघितलं. मग सरळ माझ्याकडे वळून म्हणाले, "तिखट हाय काय?"

"हाय."

"मंग द्या थोडा."

त्या दिवसापासून ते माझ्याशी थेट बोलायला लागले, आणि असे की थांबेचनात. त्यांची बायको शाळेत शिकवते, ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या घराला दोन दारं आहेत, लहानपणी ते अडखळत बोलायचे आणि त्यांची आत्या त्यांच्या वतीनं दुकानदाराशी बोलायची, हे सगळं मला त्या पावसाळ्यात कळलं. दीदी परत आली तर आम्ही दोघं वाद घालत होतो. ती दारातच थांबली.

"मोर काम खतम?" तिनं विचारलं.

संपलं नव्हतं, नुसतं बदललं होतं. कारण सर आता माझ्याशी बोलत होते, पण संचालकांशी बोलत नव्हते. सहा वर्षं ते साहेब होते आणि सरांनी त्यांना एकही वाक्य थेट सांगितलं नव्हतं. आधी हे निरोप दीदी न्यायची, आता मला न्यावे लागले. बैठकीत सर माझ्या शेजारी बसायचे आणि कानाशी म्हणायचे, "त्यांना सांगा, सर्व्हरच्या खोलीचं छत गळून राहिलं." मी सांगायची. संचालक माझ्याकडे बघून उत्तर द्यायचे, जसं काही सर तिथे नाहीतच. दीदी चहा ठेवताना माझ्याकडे बघून गालात हसायची.

हिवाळ्यात जाळं कंपनीकडून रीतसर ताब्यात घेण्याआधीची चाचणी ठरली. ठेकेदार कंपनीचा इंजिनियर दिल्लीहून आला. त्याच आठवड्यात माझ्या कंत्राटाचा कागद सहीसाठी संचालकांच्या टेबलावर होता. वडील रिटायर झाले होते, रेल्वेचं क्वार्टर सोडायचं होतं, आणि नवीन घर माझ्या पगाराच्या भरवशावर बघून ठेवलं होतं. आई रोज संध्याकाळी विचारायची, "झाली का सही?"

चाचणी साधी होती. महुआतून इमलीत एक भली मोठी फाइल पाठवायची आणि थेट वाट जोडली जाते का ते बघायचं. फाइल पोचली. पण सगळीच्या सगळी राउटरमधून पोचली. पुन्हा पाठवली, तेच. थेट वाट एकही नाही. इंजिनियरनं माझे क्लायंट उघडले, आकडा बघितला आणि शीळ घातली. एवढी पाकिटं सेकंदाला पाठवायची ताकद आमच्या एकाही संगणकात नव्हती. गेले कित्येक महिने सगळं आवार एका राउटरच्या जिवावर चाललं होतं, आणि चालतंय म्हणून कोणी बघितलं नव्हतं.

संचालकांच्या खोलीत सगळे जमलो. इंजिनियर खुशीत होता. "हमारे डिब्बे ठीक हैं, सर. कॉन्फ़िगरेशन आपके यहाँ हुआ है."

"किसने किया?" संचालकांनी विचारलं.

"टाइप मैंने किया, सर," मी म्हणाले.

"किसके कहने पर?"

"सर के."

"उन्होंने आपसे कहा था?"

मला खोटं बोलता येत नाही, हा माझा गुण नाही, नुसती सवय आहे. "नहीं. दीदी ने कहा था."

खोलीत हसू फुटलं. संचालक हसले नाहीत. त्यांनी डाव्या हाताला ठेवलेला एक कागद ओढला. तो माझा होता, मला लांबूनही ओळखू आला. "यानी चपरासी बोलेगी और आप नंबर डाल देंगी? ऐसे काम के लिए हम आपको अगले साल रखें?"

सर माझ्या शेजारीच होते. ते नेहमीसारखे झुकले. "त्यांना सांगा," ते पुटपुटले, आणि थांबले.

"काय सांगू?"

"सांगा की, तो आकडा..."

"मी नाही सांगणार, सर," मी हळूच म्हणाले. "हे तुमचं तुम्ही सांगा."

त्यांनी दाराकडे बघितलं. दीदी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती सगळं समजून होती. तिनं एकदा सरांकडे बघितलं आणि मग ट्रेमधले कप मोजत असल्यासारखी खाली मान घातली. संचालकांनी पेनचं टोपण काढलं.

सर उभे राहिले. खुर्ची मागे पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"साब," ते म्हणाले. आवाज त्या खोलीसाठी फार मोठा होता. "आकड़ा मेरा है."

संचालक बघतच राहिले. मला वाटतं, त्यांनी तो आवाज पहिल्यांदाच ऐकला होता.

"मैडम का दोष नहीं. मैंने डलवाया. दस मेरे को कम लगा."

"कम लगा? क्या मतलब, कम लगा?"

"दस में पहचान नहीं होती, साब."

कोणी हसलं नाही. सर खाली बसतील असं वाटलं, पण ते उभेच राहिले, आणि मग जे काही सहा वर्षं साचलं होतं ते एकामागून एक यायला लागलं. सर्व्हरच्या खोलीचं छत. संचालकांचा एसी राउटरच्याच लायनीवर आहे, तो दुसरीकडे घ्या. पार्किंगसाठी इमलीचं झाड तोडायचं म्हणतात, ते तोडू नका. दीदीला बसायला स्टूल नको, खुर्ची द्या. मध्ये दोनदा शब्द अडखळला, दोनदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत बसले. तिसऱ्यांदा त्यांनी बघितलं नाही.

शेवटी संचालकांनी पेनाला टोपण लावलं. "नंबर ठीक करके दिखाइए," एवढंच म्हणाले.

आम्ही चालत महुआला गेलो. मागे इंजिनियर, संचालक, सगळी फौज. इंजिनियर म्हणाला की इथूनच होईल, चालायला कशाला हवं. सरांनी त्याला उत्तर दिलं नाही, माठातलं पाणी दिलं. तो प्यायला. मी आकडा दहा केला, मग इमलीतला केला. फाइल पाठवली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच थेट वाट जोडली गेली. सर पडद्याकडे बघत होते. "लवकर होते हो ह्यायची ओळख," ते म्हणाले. मला म्हणाले की पडद्याला, ते कळलं नाही.

माझी सही त्याच संध्याकाळी झाली. सरांकडून जाळं काढून घेतलं आणि त्यांना भांडारात टाकलं, करंजाच्या मागच्या बराकीत, खुर्च्या-टेबलांचा हिशेब ठेवायला. मी भेटायला गेले तर मजेत होते. "बरं हाय. खुर्च्यांले सांगा लागत नाही काही." दीदीला खुर्ची मिळाली. इमलीचं झाड त्या वर्षी वाचलं, नंतर गेलं.

ते जाळंही गेलं. ज्या आकड्यावरून एवढं रामायण झालं, ते तंत्र काही वर्षांत निकामी झालं. स्वस्त आणि वेगवान दुसरं आलं, त्यात ना क्लायंट, ना दहाचा आकडा. सर रिटायर झाले, संस्था नव्या राजधानीत, नवा रायपूरला गेली, मी तिच्याबरोबर गेले. आता तिथल्या रुंद रस्त्यांवरून रोज गाडी हाणते आणि माझ्या हाताखालची पोट्टी माझ्या मराठीला हिंदीत उत्तर देतात.

परवा जुन्या आवारातलं सामान भंगारात काढायचं होतं आणि सही माझी लागणार होती. सही करायच्या आधी मी तिकडे गेले. सगळ्या इमारती चालून आले. माठ कुठेच नव्हते, पाणी बाटलीतलंच प्याले. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत डबा होता, त्यावर सरांच्या हातची पट्टी, 'इमली'. ती नखानं सोडवली, पर्समध्ये टाकली आणि परत जाण्याऐवजी गाडी ब्राह्मणपाऱ्यात, सरांच्या घराकडे वळवली. गल्लीत गाडी जात नाही, शेवटचं अंतर चालावं लागलं. इतक्या वर्षांत जाणं झालं नव्हतं.

दार काकूंनी उघडलं, सरांच्या बायकोनं. मला ओळखून त्यांनी आत घेतलं. सर खिडकीजवळ खुर्चीत होते, खूप बारीक झालेले. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग काकूंकडे वळून म्हणाले, "त्या मॅडमले विचार, चहात साखर घेतात काय."

काकू ओशाळल्या. "अहो, असं काय करता? ओळखलं नाही का?"

"ओळखलं," सर म्हणाले. "पन किती वर्सं झाली."

मला वाईट वाटलं नाही. जाणं-येणं थांबलं की वाट मोडते, हे मला पाठ होतं. मी काकूंना म्हणाले, "सांगा त्यांना, साखर घेते." काकूंनी सांगितलं. मग मी काकूंना जुन्या आवाराचं सांगत राहिले आणि काकू ते दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माणसाला पुन्हा सांगत राहिल्या. छत शेवटपर्यंत गळत होतं. दीदीचा नातू आता आमच्याच ऑफिसात आहे, कॉम्प्युटरवर. सर प्रत्येक वेळी काकूंकडे बघून मान हलवायचे. मी बोलणं थांबवलं नाही. पाकिटं पाठवत राहायचं असतं, एवढं त्या कामातून मी शिकले आहे.

दूध उतू जाण्याचा वास आला म्हणून काकू आत पळाल्या. खोलीत आम्ही दोघं. मी पर्समधून पट्टी काढून त्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवली. त्यांनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, अंगठ्यानं तिच्यावरची धूळ पुसली.

"कितीवर ठेवला मंग?" ते म्हणाले. खिडकीकडे बघून नाही, माझ्याकडे बघून.

"दहावर, सर. शेवटपर्यंत."

"कमीच होते," ते म्हणाले. "झुनका आनला काय?"

"आज नाही."

"पुढच्या वेळी आना."

आतून काकूंनी हाक मारली, "अहो, त्यांना काही सांगायचं आहे का? आलेच मी."

"राहू दे," सर म्हणाले. "सांगितलं मी."